'जागा नाही' म्हणजे नेमकं काय नाही? स्वमग्न मुलांच्या शाळांची गोष्ट

"साहेब, शाळावाले म्हणतात जागा नाही जी. पुढच्या साली या म्हणतात याले घेऊन."

पुसदच्या आसपासच्या गावांतून येणाऱ्या पालकांकडून हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. शाळा कधी गावातली साधी असते, कधी दूरच्या शहरातली विशेष. मूल चार वर्षांचं असतं. हाक मारली तर वळून पाहत नाही, दोन-चार शब्द येतात पण ते मागणीसाठी वापरत नाही, गाडीचं चाक तासभर फिरवत बसतं. चार वर्षांच्या मुलाला 'पुढच्या साली' म्हणणं म्हणजे त्याच्या आयुष्याच्या एक चतुर्थांश इतका काळ थांबा म्हणणं. आणि भाषा व वागणूक शिकवण्यासाठी सगळ्यात मोलाची वर्षं नेमकी हीच असतात. म्हणून आज औषधांविषयी न लिहिता या 'जागे'विषयी लिहितो. ती कुठून आली, कुणी निर्माण केली आणि इतकी कमी का पडते, याचा इतिहास फार जुना नाही.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मापासूनचा फरक आहे. इतरांशी संवाद साधणं, त्यांच्या मनातलं ओळखणं अवघड जातं. ठरावीक गोष्टी ठरावीक पद्धतीनेच व्हाव्यात असा आग्रह असतो. आवाज, उजेड, स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. 'स्वमग्न' हा शब्द मला पूर्ण पटत नाही. त्यातून मूल मुद्दाम स्वतःतच रमलं आहे असं वाटतं. पण शब्द रुळला आहे, तो वापरू.

१९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. आठ मुलगे, तीन मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी अशाच काही मुलांविषयी लिहिलं. अशी मुलं त्याआधीही होतीच. पण त्यांना वेडं, मुकं, बहिरं किंवा मतिमंद म्हणत. आपल्याकडे 'बाहेरचं काहीतरी लागलं आहे' म्हणत. ज्याला नाव नाही त्याची शाळा कशी निघणार?

गंमत अशी की त्याच सुमारास, १९४४ मध्ये, मुंबईत एका वकील दाम्पत्याने आपल्या बौद्धिक अक्षम मुलीसाठी शिकवण्याची सोय सुरू केली. तीच आजची शिवडीची जय वकील शाळा. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी सुरू झाली, तेव्हा आपल्या पुसदचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री होते. या शाळांनी मोठं काम केलं. पण महाराष्ट्रातल्या विशेष शाळांच्या पाट्या पुढे अनेक दशकं प्रामुख्याने चारच प्रकारच्या राहिल्या: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद. स्वमग्न मूल यांपैकी कुठल्या दारात उभं राहणार? त्याला दिसतं, ऐकू येतं, चालता-पळता येतं, तेही फार वेगाने. मग उरलं चौथं दार. तिथे प्रवेश मिळाला तरी वर्गातली पद्धत त्याच्यासाठी बनलेली नसे. स्वमग्न मुलांमध्ये काहींची बुद्धी सर्वसाधारण असते, काहींची त्याहून तल्लख असते, काहींना बौद्धिक अक्षमताही असते. सगळ्यांना एकाच पाटीखाली बसवलं की काही मुलं नुसतीच बसून राहतात.

तिकडे लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी एकत्र येऊन संघटना काढली. सिबिल एल्गर या माँटेसरी पद्धत शिकलेल्या शिक्षिका काही मुलांना शिकवत होत्या. १९६५ मध्ये ईलिंग भागात त्यांची शाळा उभी राहिली. त्या काळी इंग्लंडच्या कायद्यात काही मुलांना 'शिकवता न येणारी' ठरवून शिक्षण खात्याच्या कक्षेबाहेर ठेवता येत असे. १९७० चा कायदा येईपर्यंत ही स्थिती होती. म्हणजे सरकारने शाळेच्या बाहेर ठेवलेल्या मुलांना ही बाई शिकवून दाखवत होती. रोजचं वेळापत्रक ठरलेलं, सूचना थोडक्या, तोंडी सांगण्यापेक्षा दाखवण्यावर भर. आज आपण चित्रांचं वेळापत्रक म्हणतो त्याची मुळं अशा कामात आहेत.

पण त्याच काळात जगभर एक घातक समजूत पसरली होती. आईच्या थंड, मायाशून्य वागण्यामुळे मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत. अमेरिकेतले ब्रुनो बेटलहाइम यांनी तर १९६७ मध्ये यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याआधी तीन वर्षं, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी हा मेंदूशी संबंधित विषय आहे असं सविस्तर मांडलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. ही समजूत शास्त्राने कधीच टाकून दिली. आमच्या ओपीडीत मात्र ती अजून येते, फक्त कपडे बदलून. "हिनेच मोबाईल दाखवला", "हिचं लक्षच नव्हतं." आजी बोलते आणि आई खाली मान घालून बसते. स्क्रीन कमी करणं चांगलंच आहे. पण ऑटिझम आईमुळे होत नाही. हे मी सासूबाईंसमोर मोठ्याने सांगतो, कारण एकट्या आईला सांगून उपयोग नसतो.

दोष आईचा मानला की उपचार आईवर होतात, शाळा निघत नाही. दोष हटला तेव्हा पालक उजळ माथ्याने एकत्र आले आणि शाळा निघाल्या. आपल्या देशात हे जरा उशिरा झालं. १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ या आईने 'अॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली आणि काही वर्षांत तिची 'ओपन डोअर' शाळा आली. संस्थेने शाळेसोबत शिक्षक घडवण्याचंही काम हाती घेतलं. मला ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, का ते पुढे येईलच. मराठीत त्याच वर्षी 'चौकट राजा' आला होता आणि नंदूसाठी सगळं थिएटर रडलं होतं. पण स्वमग्न मूल वेगळं, हे तेव्हा आपल्या घराघरांत कुणाला ठाऊक होतं?

कायद्यालाही ठाऊक नव्हतं. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो पहिल्यांदा आला. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचा तपशील विचारला गेला, पण ऑटिझमसाठी वेगळा रकाना नव्हता. किती मुलं आहेत हेच मोजलं नाही, तर किती जागा लागतील हे कोण सांगणार? २०१६ मध्ये केंद्राने ऑटिझमचं प्रमाणपत्र देण्यासाठी भारतीय मापनश्रेणी अधिसूचित केली. तिच्यात चाळीस प्रश्न आहेत आणि सत्तरपासून पुढे गुण आले तर ऑटिझम धरला जातो. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले आणि त्यांत ऑटिझमला स्वतःची जागा मिळाली. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्यात आहे. प्रमाणपत्र काढायला मी एवढा आग्रह का धरतो, ते यावरून लक्षात येईल.

आता हक्क आहे, मग जागा का नाही? इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. जागा म्हणजे खोली आणि बाक असं आपण धरतो. आमदार निधीतून खोली बांधता येते, वाढीव तुकडीचा प्रस्तावही पाठवता येतो. पण स्वमग्न मुलांच्या शाळेत जागा म्हणजे शिक्षकाच्या वेळेचा एक वाटा. २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं आणि तोवर तात्पुरतं म्हणून ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता असलेल्या पाच मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण पाळायला सांगितलं. २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना ही पदं मंजूर करून भरण्याविषयी पुन्हा बजावलं. मधे तीन वर्षांहून जास्त काळ गेला होता.

गणित करून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज अनेक वर्षं शंभर मुलांमागे एक असा होता. समजा एखाद्या भागात शाळेच्या वयाची दहा हजार मुलं आहेत. म्हणजे सुमारे शंभर मुलं स्वमग्न. त्यांतली बरीच साध्या शाळेत थोड्या मदतीने शिकू शकतात. पण चाळीस जणांना विशेष वर्ग लागला असं धरलं, तरी आठ प्रशिक्षित शिक्षक हवेत, शिवाय वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार करणारे. वीस मुलांच्या शाळेत शिक्षक न वाढवता तीस मुलं घेतली तर जागा वाढत नाहीत, असलेल्या वीस जागा पातळ होतात. म्हणून एखादी चांगली शाळा 'नाही' म्हणते तेव्हा मला तिचा राग येत नाही.

एक दुसरं कारण क्वचित बोललं जातं. शाळेतली मुलं मोठी होतात आणि त्यांना जायला ठिकाण नसतं. लंडनच्या शाळेलाही हे कळलं. पहिली मुलं मोठी झाल्यावर १९७४ मध्ये सॉमरसेट परगण्यात स्वमग्न प्रौढांसाठी राहण्या-कामाची जागा काढावी लागली. आपल्याकडे अठराव्या वर्षी शाळा संपते आणि बहुतेकदा मुलगा घरी परत येतो, नाहीतर पालक शाळेलाच विनवतात की अजून दोन वर्षं ठेवा. मागचं दार बंद असेल तर पुढचं उघडणार कसं? प्रौढांसाठी एखादी कार्यशाळा निघाली, तरी चार वर्षांच्या मुलाला बालवर्गात जागा होते.

मग पुसदसारख्या ठिकाणी काय करायचं? इथे मला ताराबाई मोडक आठवतात. ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि मग कोसबाडला काम करताना त्यांनी पाहिलं की आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही त्याच पट्ट्यात, पालघरला झाली. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासतं, त्यात ऑटिझमची शंकाही पाहायची असते. तिथून चिठ्ठी मिळते जिल्हा केंद्राची, म्हणजे आपल्यासाठी यवतमाळची.

पुसदहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीतला गोंगाट, धक्के आणि गर्दी ज्या मुलाला सहन होत नाही, त्याला घेऊन हा प्रवास करणं काय असतं ते त्या आईलाच विचारा. म्हणून आधी सकाळची, कमी गर्दीची गाडी बघा, त्याची आवडती वस्तू सोबत घ्या, जमल्यास कानावर काहीतरी बांधा. प्रमाणपत्र आणि ओळखपत्राचं काम एकाच फेरीत होईल असं फोन करून ठरवा. येताना तिथल्या उपचारतज्ज्ञांकडून घरी रोज करायच्या चार गोष्टी लिहून आणा.

गावातल्या शाळेत नाव घालायला थांबू नका. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. आणि शहरातली एखादी विशेष शाळा 'जागा आहे' म्हणाली, तर लगेच पैसे भरू नका. आधी विचारा, एका वर्गात मुलं किती आणि त्यांना शिकवणारे किती, त्यांनी प्रशिक्षण कुठे घेतलं आहे आणि घरी काय करायचं ते आम्हाला शिकवाल का. मग अर्धा तास वर्गात बसायची परवानगी मागा.