पाच वर्षांची अट आली कुठून?

इथे नोकरी न केलेल्या, ग्रीन कार्डावर आलेल्या आपल्या आईवडिलांना मेडिकेअरसाठी अमेरिकेत सलग पाच वर्षे वास्तव्याची अट असते. बहुतेकांना हे नकाराचे पत्र हाती पडल्यावरच कळते.

अट १९६५ च्या मूळ कायद्यातलीच. क्यूबाहून आलेले सान्तियागो दियाझ तिच्याविरुद्ध लढले आणि फ्लोरिडातल्या कोर्टात जिंकलेही. पण १ जून १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने तो निकाल एकमताने फिरवला. परदेशी नागरिकांना काय द्यायचे ते काँग्रेसने ठरवावे. पाचच वर्षे का, या वादात कोर्ट पडणार नाही! (गंमत म्हणजे याच कोर्टाने १९७१ साली राज्य सरकारांना सरकारी मदतीत असा भेद करायला मनाई केली होती.)

तेव्हा ‘अट अन्यायाची आहे’ एवढ्यावर अपील जिंकता येत नाही. मोजणी चुकली असेल तर गोष्ट वेगळी. भारतात दोन-तीन महिने राहून आल्यामुळे वास्तव्य तुटले असे ऑफिसने धरले असेल, तर पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. सोबत शिक्के असलेल्या पानांच्या प्रती जोडाव्यात. म्हणून जुने पासपोर्ट टाकून देऊ नका हो!