पायलीपासून किलोग्रॅमपर्यंत

निजामी राजवटींत नांदेड-लातूरकडील खेड्यांत धान्य तोलण्यापेक्षां मापण्याचाच प्रघात होता. चार शेरांची पायली. पण शेर गांवोगांवीं निराळा. शिवाय आकारमानाच्या मापांत एक मूळचाच दोष आहे. पायली हलवून, दाबून भरली तर धान्य अधिक मावतें. सैल ओतली तर कमी. मापणाऱ्याचा हात हाच कायदा!

वायूच्या मापनांतहि हेंच संकट येतें. वायु उष्णतेनें फुगतो, दाबानें आकसतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याचें वस्तुमान धरतात. प्रवाहमापक यंत्र पारखतांना ठराविक वेळांत वाहिलेला वायु टाकींत सांठवून तराजूंत तोलतात.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मुक्त झाला व १९५६ सालीं मुंबई राज्यास जोडला गेला. त्याच वर्षीं संसदेनें प्रमाणित वजनमापांचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनें टप्प्याटप्प्यानें आलीं. ऐंशीं तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम, मागें पडला.

दुकानदाराचें वजन निरीक्षकाच्या वजनाशीं, तें त्याहून वरच्या प्रमाणाशीं, आणि अखेर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील किलोग्रॅमशीं ताडण्याची सांखळी उभी राहिली. २० मे २०१९ पासून तर खुद्द किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे.

लातूरच्या अडतींत तूर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास हें शास्त्र ठाऊक नसलें तरी चालेल. तराजूवरील पडताळणीचा शिक्का मुदतींतला आहे कीं नाहीं, एवढें त्यानें अवश्य पाहावें. त्याच्या वर्षभराच्या घामाचा हिशेब त्या शिक्क्यावर अवलंबून असतो.