कपाटावरचें जेट आकाशांत



दिवाळींतील बाणाला बांबूची लांब काडी कां लावितात, असें मुलें विचारतात. आणि "त्याशिवाय तो सरळ जात नाहीं" एवढें सांगून वडील मंडळी मोकळी होतात. उत्तर खरें आहे, परंतु अपुरें आहे. ज्या छंदाचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे, त्याचें सारें मर्म या न सांगितलेल्या भागांत आहे. छंद अमेरिकेंतला. जेट विमानाची प्लास्टिकची प्रतिकृति, जी मुळांत कपाटावर मांडून ठेवावयाची, तिच्या पोटांत दारूची नळी बसवून ती खरोखरच आकाशांत सोडावयाची, असा हा उद्योग आहे.

बाण ही आपल्याकडील जुनी वस्तु. अठराव्या शतकांतील लढायांच्या मराठी वर्णनांत जे बाण येतात, ते पुष्कळदां धनुष्याचे नसून दारू भरलेल्या नळ्यांचे असतात. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडलें तेव्हां टिपूचे लोखंडी नळीचे बाण इंग्रजांच्या हातीं लागले, आणि विल्यम काँग्रीव्ह यानें ती कल्पना विलायतेंत वाढविली. त्याच्याही बाणांना लांब काडी असे. १८४४ च्या सुमारास विल्यम हेल यानें काडी काढून टाकिली आणि बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर बाण स्वतःभोंवतीं गरगर फिरवून त्यास सरळ ठेविलें.

आतां आपण एकदम विसाव्या शतकाच्या मध्यावर येऊं. अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतांत नॉरफोक नांवाच्या गांवीं ऑरव्हिल कार्लाइल नांवाच्या गृहस्थाचें जोड्यांचें दुकान होतें. त्याला दारूकामाचा नाद, तर त्याचा भाऊ रॉबर्ट याला विमानांच्या प्रतिकृतींचा. या दोन नादांच्या संगमांतून १९५४ मध्यें कागदाच्या नळीचें एक हलकें रॉकेट तयार झालें. त्याला काडी नव्हती, मागें पातळ पंख होते, आणि वर गेल्यावर तें छत्री उघडून हळूच खालीं येई. दुकानदारानें हें काम केलें, कोणा शास्त्रज्ञानें नव्हे, याचें मला विशेष कौतुक वाटतें.

त्या काळीं तेथील मुलांना रॉकेटचें वेड लागूं लागलें होतें. आणि १९५७ च्या ४ ऑक्टोबरला रशियाचा स्पुट्निक उडाल्यावर तर त्या वेडास उधाण आलें. मुलें लोखंडी नळ्यांत आगकाड्यांचीं डोकीं आणि घरीं कालविलेलीं मिश्रणें ठांसूं लागलीं. अशी नळी म्हणजे रॉकेट नव्हे, बाँबच होय. कोणाचीं बोटें गेलीं, कोणाचे डोळे गेले, कांहीं मुलें जिवास मुकलीं. अशा वेळीं वडील माणसांना एकच उपाय सुचतो, तो बंदीचा. परंतु ज्या मुलाला आकाशाची ओढ लागली, तें बंदीनें थांबत नाहीं. तें केवळ घराआड जातें, हा शाळेंतल्या सर्वांचा अनुभव आहे.

न्यू मेक्सिकोंतील व्हाइट सँड्स येथें मोठ्या रॉकेटांच्या कामावर असलेल्या जी. हॅरी स्टाइन यानें १९५७ च्या आरंभीं एका मासिकांत रॉकेटच्या धंद्यांतील सुरक्षिततेविषयीं लेख लिहिला. तो वाचून कार्लाइलनें त्याला पत्र लिहिलें व आपलीं रॉकेटें पाठविलीं. स्टाइननें तीं उडवून पाहिलीं. त्याच वर्षीं त्यानें तीं विकण्यासाठीं कंपनी काढली, आणि या छंदाची राष्ट्रीय संस्थाही त्याच वर्षीं निघाली. नियम साधे होते: दारू घरीं कालवावयाची नाहीं, धातूची नळी वापरावयाची नाहीं, आणि वात पेटविण्याऐवजीं लांब उभें राहून विजेच्या तारेनें ठिणगी द्यावयाची. पुढें डेन्व्हरच्या व्हर्नन एस्टिस यानें अशा नळ्या बनविणारें यंत्र रचलें. त्याचें नांव मेबल. दर साडेपांच सेकंदांस तें एक नळी तयार करी. सगळ्या नळ्या सारख्या झाल्या, म्हणून भरंवसा आला.

ही नळी अंगठ्याएवढी जाड. तोंडाशीं कठीण चिकणमाती, तिच्या आंत दाबून बसविलेली दारू, तिच्यापुढें कांहीं सेकंद नुसता धूर सोडीत जळणारा थर, आणि शेवटीं छत्री बाहेर ढकलणारी चिमूटभर दारू.

तिकडे प्लास्टिकच्या प्रतिकृतींचा इतिहास वेगळाच वाहत होता. इंग्लंडांत १९३६ मध्यें फ्रॉग कंपनीनें 'पेंग्विन' नांवाची माला काढली, आणि १९५३ मध्यें एअरफिक्सचें स्पिटफायर बाजारांत आलें. मग घरोघर टेबलावर सरसाचा वास सुटूं लागला. सेबर, मिग, स्टारफायटर, जें विमान वर्तमानपत्रांत आलें, तें पेटींत आलें. तें उडवावें ही इच्छा होणें साहजिकच होतें.

परंतु येथें ती काडीची गोष्ट आडवी येते. उडत्या वस्तूला दोन बिंदु असतात. एक गुरुत्वमध्य, जेथें ती बोटावर तोलली जाते. दुसरा दाबमध्य, जेथें वाऱ्याचा सगळा रेटा एकवटला आहे असें मानितात. दाबमध्य मागें असला, तर नाक वळतांच वारा शेपटी ढकलून तें पुन्हा सरळ करितो. तो पुढें असला, तर वस्तु कोलांट्या खाते. बाणाची काडी दाबमध्य मागें नेते, एवढेंच तिचें काम. जेट विमानाचे पंख मात्र बरेच पुढें असतात, शेपटी लहान असते, आणि नळी बसविली कीं वजन मागें जातें. म्हणजे सगळेंच उलटें! जमिनीवरून सुटून तें पहिल्या क्षणींच गिरकी घेऊन प्रेक्षकांकडे यावयाचें.

यावर उपाय दोन. नाकांत शिसें किंवा माती भरावी, आणि मागें जादा पुच्छपंख लावावे. हे पंख पारदर्शक असावे, म्हणजे विमानाचें रूप बिघडत नाहीं. स्पर्धेच्या नियमांतही अशी मुभा आहे. तेथें आधीं कारागिरी पाहतात, मग उड्डाण. त्रिकोणी पंखांचीं विमानें या कामीं बरीं, कारण त्यांच्या पंखांचा पसारा आधींच मागें असतो. छत्रीसाठीं धड पंखांच्या पुढें कापावें लागतें. आणि दारूच्या आंचेनें प्लास्टिक वितळूं नये म्हणून आंत पुठ्ठ्याची नळी घालावी लागते. जेम्स बॅरोमन यानें १९६६ मध्यें साध्या रॉकेटचा दाबमध्य गणितानें काढण्याची रीत छांदिष्टांपुढें ठेविली, परंतु विमानाच्या वेड्यावांकड्या आकाराला ती जशीच्या तशी लागू पडत नाहीं. म्हणून येथें जुनीच परीक्षा कामास येते: नळी बसविलेलें विमान गुरुत्वमध्याशीं दोरा बांधून डोक्याभोंवतीं फिरवावें. नाक पुढें धरून फिरलें तर उडवावें. आडवें झालें किंवा शेपटी पुढें आली, तर नाकांत आणखी थोडें शिसें घालून पुन्हा फिरवावें.

एवढें करूनही वजन वाढतेंच. जड विमान फार उंच जात नाहीं, आणि लवकरच खालीं वळतें. म्हणून धुराचा थर थोडक्या सेकंदांचाच असलेली नळी निवडावी लागते. छत्री उशिरां उघडली, तर महिनाभर रंगविलेलें विमान नाकांतल्या शिशानिशीं सरळ जमिनींत शिरतें.