नेवासे येथील दफनकुंभ व परलोककल्पना

प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतील चित्रे व लेख परस्परांचा अर्थ उलगडतात. मृताने दिवसा थडग्याबाहेर पडावे व परतावे, ही अपेक्षा तेथील मंत्रांतच नमूद आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे असा शब्दांचा आधार नाही. प्रवराकाठच्या या स्थळी १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. याच जिल्ह्यातील जोर्वे गावावरून ओळखल्या जाणाऱ्या, इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचे लोक मृत बालकास तोंडाशी तोंड जुळवून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत घालून घराच्या जमिनीखाली पुरीत. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. त्याच संस्कृतीच्या पुणे जिल्ह्यातील इनामगावी प्रौढांना मात्र घोट्याखालचे पाय तोडून पुरलेले आढळते. मृताने घर सोडून जाऊ नये, की परतून जिवंतांस पीडा देऊ नये? दोन्ही अर्थ संभवतात. इजिप्तमधील मृताच्या संचाराची कल्पना शब्दांतून कळते; येथे तोडलेल्या पावलांवरून ती केवळ तर्काने जाणावी लागते. म्हणून प्रथा निश्चित म्हणावी, तिच्यामागील श्रद्धा अनुमानापुरतीच मानावी.