संकेतस्थळ, लघुव्यवसायाचे

लहान दुकान, वर्कशॉप, बाग, घरगुती उद्योग किंवा सेवाव्यवसाय यांची माहिती देण्यासाठी, मागणी नोंदवून घेण्यासाठी किंवा थेट विक्रीसाठी चालवलेले संकेतस्थळ. रोजच्या बोलण्यात ‘वेबसाइट’. ढोबळ प्रकार चार : माहितीपर (बहुधा एक ते पाच पाने), केलेल्या कामाचे नमुने दाखवणारे, वेळ किंवा खोली राखून ठेवण्याची सोय असलेले, आणि माल निवडून तिथल्या तिथे पैसे भरता येतील असे ऑनलाइन दुकान.

धंदा कोणता यावरून प्रकार ठरवण्याची सवय आहे; सौदा कुठे पक्का होतो हे पाहिले तर निवड सोपी होते. ग्रिल-शटर बनवणारा फॅब्रिकेटर माप घेतल्याशिवाय भाव सांगूच शकत नाही. त्याला खरेदीचे बटण बिनकामाचे. फोन क्रमांक, नकाशा, कामाची वेळ आणि बसवलेल्या गेटांचे दहा-वीस स्वच्छ फोटो एवढ्यावर त्याचे भागते. होमस्टेवाल्याची गरज वेगळी. रात्री अकराला तारखा चाळणाऱ्या पाहुण्याला खोली रिकामी आहे की नाही हे तिथेच कळले नाही, तर तो पुढचे घर शोधतो. तीच खोली एखाद्या बुकिंग कंपनीकडेही लावलेली असेल, तर दोन्हीकडच्या तारखा आपोआप जुळत्या राहायला हव्यात. नाहीतर गणपतीच्या सुट्टीत एका खोलीसाठी दोन कुटुंबे दारात उभी. वकिलांपुढे फारसा पर्यायच नसतो. त्यांना जाहिरातीची मनाई आहे; बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये ही मनाई घालणारा नियम ३६ थोडा सैल केला आणि नाव, पत्ता, नोंदणीचा तपशील, पात्रता, कामाचे क्षेत्र अशी मोजकी माहिती संकेतस्थळावर देण्याची मुभा दिली.

कोकणातील हापूस बागायतदाराचे उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दलाल टाळून मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी पोचवणारे बागायतदार त्याचा उल्लेख आवर्जून करतात. वेबसाइट करून देणारा त्यांच्या गळ्यात बहुधा पूर्ण ऑनलाइन दुकान मारतो. पण दुकानाच्या ढाच्याला ठरलेला भाव लागतो आणि मोजून ठेवलेला माल लागतो. हापूसपाशी यातले एकही नसते. मार्चमधला भाव मेच्या मध्यावर राहत नाही, पेटीत चार डझन बसतात की सहा हे फळाच्या आकारावर ठरते, आणि अवकाळी पाऊस किंवा उन्हाचा तडाखा बसला की तयार होणाऱ्या मालाचा अंदाजच कोलमडतो. आगाऊ पैसे घेतलेले असतील तर ऐन हंगामात पेट्या भरायच्या सोडून परतावे करत बसावे लागते. त्यापेक्षा नाव, पत्ता, किती पेट्या आणि साधारण कोणत्या आठवड्यात, एवढे विचारणारा साधा मागणीअर्ज बरा. फळ तयार होत आले की भाव कळवायचा आणि होकार आला की यूपीआयने पैसे घ्यायचे. पेमेंट गेटवे कार्डाच्या व्यवहारामागे साधारण दोन टक्के कापतो, तीही बचत होते.

त्याच घरातून काजूगर, आमसुले, फणसपोळी वर्षभर जात असतील, तर त्यांना मात्र दुकान शोभते : वजन ठरलेले, भाव ठरलेला, माल कुरिअरमध्ये टिकणारा. एका साइटवर दोन्ही व्यवस्था ठेवता येतात. कर मात्र वेगवेगळा पाहावा लागतो. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, काजूगरावर आहे. आणि करपात्र माल परराज्यात विकणाऱ्याला, हस्तकलेसारखे काही अपवाद वगळता, उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावी लागते. रत्नागिरीहून बेळगावला किंवा पणजीला काजूचे पाकीट पाठवायचे ठरले की हा प्रश्न आलाच. शिवाय ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील ठळक द्यायचा असतो; तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. नवराबायको मिळून चालवलेल्या धंद्यात हा अधिकारी म्हणजे अर्थातच दोघांपैकी एक.

उभारणीचे मार्ग दोन. वर्डप्रेस (२००३) हे मुक्त सॉफ्टवेअर आणि त्यावर दुकान चढवणारे वूकॉमर्स (२०११) फुकट मिळतात. होस्टिंगचा खर्च आणि अद्ययावत ठेवण्याची कटकट आपली. शॉपिफायसारख्या सेवेत महिन्याचे भाडे भरले की ती कटकट मिटते, पण घर सोडताना मालाची यादी बरोबर नेता येते, मांडणी नाही. निव्वळ फुकटाचा भरवसा धरू नये. गूगलच्या व्यवसाय-प्रोफाइलमधून काही मिनिटांत तयार होणारी मोफत संकेतस्थळे कंपनीने मार्च २०२४ मध्ये बंद केली. स्वतःचे डोमेन नसलेल्यांचा छापील कार्डावरचा आणि पाटीवरचा पत्ता त्यामुळे निकामी झाला. म्हणून प्रकार कोणताही निवडला तरी डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलने नोंदवलेले असावे. ते वेबसाइटवाल्याच्या नावावर राहिले तर त्याच्याशी बिनसल्यावर पत्ताच हातचा जातो. ‘.इन’ डोमेन २००५ पासून सर्वांना खुले आहे. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ मध्ये आले आणि मराठीतही घेता येते. पाटीवर ते छान दिसते, पण त्यावरचा ईमेल पत्ता अनेक अर्ज अजून स्वीकारत नाहीत, त्यामुळे जोडीला रोमन लिपीतले एक घ्यावेच लागते.