यांत्रिक ससा आणि जिवंत कुत्रा

घोड्यांच्या शर्यती आपणांस ठाऊक आहेत. मुंबईचे महालक्ष्मी मैदान ज्यांनी पाहिले नसेल, त्यांनीही त्याचे नाव ऐकलेले असते. बैलगाड्यांच्या शर्यती तर आपल्याकडच्या कित्येक जत्रांचा जीवच. पण कुत्र्यांच्या शर्यती म्हटल्या की आपण जरा बिचकतो. कुत्रे कशाला शर्यतीत धावतील, आणि धावले तरी ते पाहायला पैसे कोण देईल?

तर वाचकहो, पैसे देणारे पुष्कळ निघाले. इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांत विसाव्या शतकात या शर्यतींचा मोठा धंदा उभा राहिला. शंभर वर्षे झाली नाहीत तोच एकेका देशात तो मिटू लागला आहे. या धंद्याच्या जन्माची आणि उतरणीची हकीकत आज सांगायची आहे. सांगण्यासारखे त्यात हे की, हा खेळ एका परीने भूतदयेपोटी जन्माला आला, आणि आज तो बंद करा म्हणणारे लोकही भूतदयेचेच नाव घेत आहेत.

या शर्यतीत जो कुत्रा धावतो त्याला ग्रेहाउंड म्हणतात. आपल्या दख्खनचा कारवानी कुत्रा ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळे वर्णन नको. तीच खोल छाती, तीच पोटाशी आत गेलेली कंबर, तेच लांब निमुळते तोंड. वास काढीत माग घेणाऱ्यांपैकी हा नव्हे. हा डोळ्यांनी शिकार करतो. दूरवर काही हलले की निघालाच. वजन तीस किलोच्या आसपास, आणि वेग तासाला साठ किलोमीटरच्याही वर. पण असा दौड मारणारा प्राणी घरात मात्र मोठा शांत असतो. दिवसाचा बराच वेळ तो झोपून काढतो.

माणसाने त्याच्या या धावण्याचा खेळ फार पूर्वीच केला. शिकंदराच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा आरियन आपणांस शाळेपासून माहीत आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या या गृहस्थाने कुत्र्यांच्या शिकारीवरही एक पुस्तक लिहून ठेवले आहे. त्यात तो म्हणतो की, खरा शौकीन ससा मारण्यासाठी कुत्रे सोडीत नाही. दोघांची चुरस पाहण्यासाठी सोडतो, आणि ससा निसटला तर त्याला आनंदच होतो. आपल्या लाडक्या कुत्रीविषयी तो मोठ्या मायेने लिहितो. कुत्र्याने माणसाजवळ झोपावे, त्यात त्याचे भले आहे, असेही सांगतो. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा. त्याची गरज पुढे पडणार आहे.

सशामागे कुत्रे सोडण्याचा हा खेळ इंग्लंडात सरदार-जमीनदारांनी उचलला. १८३६ साली विल्यम लिन नावाच्या लिव्हरपूलच्या एका हॉटेलमालकाने ‘वॉटर्लू कप’ ही स्पर्धा सुरू केली आणि पुढे तिला फार मोठी प्रतिष्ठा आली. मोकळ्या रानात एका सशामागे दोन कुत्रे सोडायचे. घोड्यावर बसलेला पंच कोणी सशाला किती वेळा वळवले ते पाहून गुण द्यायचा. ससा मेलाच पाहिजे असा नियम नव्हता. पण दोन कुत्र्यांच्या तोंडी सापडलेल्या सशाला नियम काय कामाचे?

गंमत अशी की, १८३५ साली, म्हणजे आदल्याच वर्षी, इंग्लंडात कायदा होऊन बैलांवर कुत्रे सोडण्याचे आणि कोंबड्यांच्या झुंजींचे खेळ बंद झाले होते. ते प्रामुख्याने गोरगरिबांचे खेळ. बड्या लोकांचा सशामागचा खेळ मात्र कायद्यातून सुटला आणि तो इंग्लंडात थेट २००५ सालापर्यंत चालू राहिला. दयेचा कायदाही कधीकधी माणूस पाहून हात उगारतो, तो असा.

आता हा ससा वाचवायचा कसा? १८७६ साली लंडनजवळ हेंडन येथे रुळावर यांत्रिक ससा पळवून पाहण्यात आला. पण रस्ता सरळ होता. कुत्रे सुटले की क्षणात खेळ संपायचा, नि सगळ्यांत वेगवान कुत्रा जिंकणार हे उघडच असायचे. लोकांना त्यात रस वाटेना. मग अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ या माणसाने तो विषय हाती घेतला. रानातल्या शिकारीत सशांची होणारी हत्या त्याला पाहवत नव्हती, असे सांगतात. विजेवर चालणारा ससा आणि वर्तुळाकार मैदान अशी जोड त्याने बसविली. १९१९ साली कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल येथे त्याचे मैदान उभे राहिले. सशाचे रक्त सांडणार नाही, कुत्र्यांना धावायला मिळेल, माणसांना मौज वाटेल, सगळ्यांचेच भले!

हे खूळ चार्ल्स मन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने इंग्लंडात आणले. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर पहिली शर्यत झाली. त्या दिवशी जेमतेम सतराशे माणसे आली. पण बघता बघता गर्दी हजारांवर गेली आणि वर्ष-दोन वर्षांत शहरोशहरी मैदाने निघाली. कारण शोधायला फार लांब जायला नको. घोड्यांची शर्यत दिवसा होते, गावाबाहेर होते, आणि तिथे मान मोठ्यांना. ही शर्यत संध्याकाळी, विजेच्या झगझगाटात, घरापासून ट्रामच्या अंतरावर. गिरणीतून सुटलेला कामगार चार पैसे खिशात घालून सरळ मैदान गाठी. म्हणून हिला गरिबांचे रेसकोर्स म्हणत. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ‘डर्बी’ जिंकणारा ‘मिक द मिलर’ हा आयरिश कुत्रा तर नटनट्यांइतका लोकप्रिय झाला. तो मेल्यावर पेंढा भरून ठेवलेले त्याचे शरीर ब्रिटनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाने जपले आहे.

विरोध तेव्हाही झाला. पण कशाला? जुगाराला. पाद्री, समाजसुधारक, मजुरांच्या संसाराची काळजी करणारी मंडळी ओरडू लागली की, पगार घरी पोचत नाही. चर्चिलसाहेबांनी या मैदानांना ‘सजीव रुलेट’ म्हटले. १९३४ साली पार्लमेंटने कायदा केला, तोही पैजांना शिस्त लावण्यासाठी. कुत्र्याचे काय होते, हा प्रश्न त्या सगळ्या वादात कोणाच्या फारसा तोंडी नव्हता. ससा लाकडाचा आणि कापडाचा. मैदानावर रक्ताचा थेंब नाही. मग क्रूरता कसली?

ती कुठे होती ते पाहा. मैदान वाटोळे. ब्रिटनमध्ये एका शर्यतीत सहा कुत्रे, अमेरिका-ऑस्ट्रेलियात आठ, सगळे एकाच सशाकडे झेपावणारे. पहिल्या वळणावर ते एकमेकांवर आदळतात. शर्यत नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने. त्यामुळे वळताना अंगाचा सगळा भार मागच्या उजव्या पायावर येतो आणि तिथल्या घोट्याचे हाड मोडते. ही दुखापत या धंद्यात इतकी ठरलेली आहे की, पशुवैद्य ती मैदानाच्या आकाराचीच खूण मानतात. सरळ रस्त्यावर लोकांना रस नव्हता म्हणून वळण आले, आणि वळणावर कुत्र्याचा पाय गेला.

दुसरे गणित याहून कठीण. ग्रेहाउंड बारा-चौदा वर्षे जगू शकतो. शर्यतीत तो सव्वा-दीड वर्षाचा असताना उतरतो आणि चार-पाच वर्षांचा झाला की त्याचे धावणे संपते. पुढच्या सात-आठ वर्षांचे काय? आणि जी पिले मुळात वेगवान निघालीच नाहीत, त्यांचे काय? वेगवान कुत्रा मिळवायचा तर पुष्कळ पिले जन्माला घालावी लागतात, आणि जिंकणारी त्यांत थोडीच. आपल्याकडे म्हणतात, गरज सरो, वैद्य मरो. इथे मरणारा वैद्य चार पायांचा होता, एवढेच.

२००६ च्या जुलैत लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने एक बातमी छापली आणि ब्रिटन हादरले. डरहॅम परगण्यातल्या सीहॅम गावी एक माणूस कुत्र्यामागे दहा पौंड घेऊन ग्रेहाउंड मारीत होता आणि आपल्या जमिनीत पुरीत होता. पंधरा वर्षांत दहा हजारांहून अधिक कुत्रे तिथे गेले, असे त्या पत्राने लिहिले. खटला झाला, पण कशाबद्दल? परवान्याशिवाय जमिनीत कचरा पुरल्याबद्दल. मालकाच्या संमतीने, हाल न करता कुत्रा मारणे हा गुन्हाच नव्हता. कायद्याला कुत्रा दिसला नाही, कचरा दिसला.

यानंतर चौकशी झाली, नवे नियामक मंडळ आले, २०१० साली इंग्लंडात नियम झाले. २०१८ पासून दुखापतींचे आणि मृत्यूंचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागले. मैदानावरचे मृत्यू २०१८ साली २४२ होते, ते २०२४ साली १२३ झाले. धंद्याची माणसे म्हणतात, बघा, निम्म्याने कमी. विरोधक म्हणतात, सुधारूनही आठवड्याला दोन कुत्रे मैदानावर मरत असतील, तर सुधारणेची हद्द झाली. आकडा एकच, त्याकडे पाहणारे डोळे दोन.

पण सगळ्यांत विलक्षण प्रकार ऑस्ट्रेलियातला. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने चोरून घेतलेली चित्रे दाखविली. काही शिकवणारे लोक कुत्र्यांना जोम यावा म्हणून सरावाच्या यंत्राला जिवंत ससे, डुकराची पिले, पॉसम बांधीत होते. ध्यानात आले ना? ज्या सशाला वाचविण्यासाठी यंत्र निघाले, तोच ससा त्या यंत्रावर परत येऊन बसला! न्यू साउथ वेल्समध्ये माजी न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांचा आयोग नेमला गेला. आदल्या बारा वर्षांत ४८,००० ते ६८,००० ग्रेहाउंड केवळ हळू किंवा निरुपयोगी ठरल्यामुळे मारले गेले असावेत, असे आयोगाने सांगितले. जुलै २०१६ मध्ये मुख्यमंत्री माइक बेअर्ड यांनी बंदी जाहीर केली आणि तीन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, मागे घेतली.

मागे का घेतली, हेही समजून घेतले पाहिजे. खेड्यापाड्यांतली साधी माणसे रस्त्यावर आली. आमचा बापजाद्यांचा छंद, आमची पोटापाण्याची सोय. चार बदमाशांपायी आम्हां सगळ्यांना गुन्हेगार का ठरवता? घोड्यांच्या शर्यतीत घोडे मरत नाहीत का? ती श्रीमंतांची म्हणून चालते का? या प्रश्नात तथ्य नाही असे म्हणवत नाही. १८३५ सालच्या कायद्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

तरी वारा कोणीकडे वाहतो आहे ते स्पष्ट आहे. अमेरिकेत फ्लोरिडा हे या धंद्याचे माहेरघर. तिथे नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनी सुमारे ६९ टक्के मतांनी बंदीचा कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस शर्यती थांबल्या. मकाऊचे प्रसिद्ध मैदान २०१८ साली बंद झाले आणि मागे उरलेल्या पाचशेहून अधिक कुत्र्यांना घरे शोधावी लागली. न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जुलै २०२६ अखेरची मुदत जाहीर केली. वेल्स आणि स्कॉटलंड येथे २०२५ साली बंदीची विधेयके आली. ज्या बेल व्ह्यूवर पहिली शर्यत झाली, तेथील मैदानही २०२० साली थंडावले.

आपल्याला या दूरदेशच्या वादाशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण हाच वाद आपल्या दारी होऊन गेला आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबविल्या; २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली; २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ती मान्य केली. इकडेही बाजू त्याच होत्या. एकीकडे प्राण्याची वेदना. दुसरीकडे परंपरा, शेतकऱ्याची हौस आणि जातिवंत बैल टिकविण्याची कळकळ. निकाल निराळा लागला, प्रश्न तोच राहिला. आणि निकाल शर्यतीच्या बाजूने लागला म्हणजे बैलाची जबाबदारी संपली असे नाही. उलट ती नियमांनिशी आपल्या अंगावर आली.

“त्याला धावायला आवडते,” असे ग्रेहाउंडचे मालक सांगतात. ते खोटे नाही. सुटलेला ग्रेहाउंड पाहिला तर कोणालाही पटेल. पण धावायला आवडणे निराळे आणि हरल्यावर जिवाला मुकणे निराळे. म्हणून कोणत्याही खेळाची परीक्षा शर्यतीच्या दिवशी करू नये. हरलेल्या, लंगड्या, म्हाताऱ्या जनावराचे दुसऱ्या दिवशी काय होते, ते विचारावे. ब्रिटनमध्ये १९७५ पासून निवृत्त ग्रेहाउंडांना घरे मिळवून देणारी संस्था काम करते आहे. ज्यांना घरे मिळाली ते कुत्रे आज कोणाच्या तरी पायाशी वळकटी करून झोपतात. आरियनने अठराशे वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी एवढेच मागितले होते.

आपल्याकडची म्हण आहे: मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव. यांत्रिक सशाने उंदीर बदलला, खेळ तोच राहिला. पुढच्या खेपेस एखादा खेळ निर्दोष आहे असे कोणी सांगितले, तर टाळी वाजविण्याआधी आपण एवढेच पाहावे की, त्यात आता उंदीर कोण झाला आहे.