लोणारचा अनोळखी पाहुणा

विश्रांतवाडीस राहणाऱ्या मनुष्यास आकाशाकडे पाहण्याची सवय आपोआपच लागते. ज्येष्ठ वद्यात आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी येथून पुण्याकडे जाते, तेव्हा साऱ्यांच्या दृष्टी रस्त्याकडे लागलेल्या असतात. एरवी मात्र लोहगावचा विमानतळ जवळ असल्यामुळे त्या वारंवार वर वळतात. समोरून सरळ आपल्याकडे येणारे विमान रात्री हलताना दिसत नाही. एक तेजस्वी तारा जागच्या जागी स्थिर आहे आणि क्षणोक्षणी मोठा होत आहे, असा भास होतो. आमच्या घरचा मोत्या अशा ताऱ्यावर आजही भुंकतो. गेल्या चैत्रात असाच तो भुंकत असता नातवाने विचारले, "आजोबा, उडत्या तबकड्या खरोखर असतात का हो?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हता. १९४७ च्या जून महिन्यात केनेथ आर्नोल्ड नावाच्या अमेरिकन वैमानिकाने आपण नऊ चकाकत्या वस्तू अतिवेगाने जाताना पाहिल्या असे सांगितले, आणि तेव्हापासून 'उडती तबकडी' हा शब्द जगभर झाला. पुढच्याच महिन्यात न्यू मेक्सिकोच्या रुक्ष प्रदेशात रॉजवेल येथे काही अवशेष सापडले. ते सैन्याच्या एका गुप्त फुग्याचे होते, असा खुलासा अमेरिकन हवाई दलाने १९९४ साली केला. तरी लोकांची उत्सुकता शमली नाही. नेव्हाडाच्या वाळवंटातील एका निर्जन सडकेस तेथील सरकारने १९९६ साली परग्रहवासीयांचे नाव देऊन टाकले, आणि हौशी मंडळी बायकापोरे व कुत्री गाडीत घालून रात्रीचे आकाश पाहण्यास तेथे जाऊ लागली.

नातवास नेव्हाडास नेणे आमच्या आटोक्यातले नव्हते. परंतु आकाशातून आलेला एक अनोळखी पाहुणा आपल्याच मुलखात उतरलेला आहे, तेव्हा त्याची जागा पाहू, असे ठरले. मोत्यास मागे ठेवण्यास नातू राजी होईना. कुत्र्यावाचून स्वर्गही नको म्हणणाऱ्या धर्मराजाचा दाखला त्याला घरातच मिळाला होता. अशा रीतीने पहाटे आम्ही नगर रस्त्याला लागलो.

विश्रांतवाडीपासून लोणार सुमारे पावणेचारशे किलोमीटर. अहिल्यानगर मागे पडले, प्रवरासंगमास गोदावरी ओलांडली, आणि छत्रपती संभाजीनगर व जालना घेऊन जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेडराजाच्या वाटेने आम्ही बुलढाणा जिल्ह्यात शिरलो. हा प्रदेश वाळवंट नव्हे. परंतु चैत्र-वैशाखात कापूस निघून गेलेली काळी राने भेगाळलेली असतात, नाले कोरडे असतात, आणि दूरवर वाऱ्याच्या भोवऱ्यांवाचून काही हलत नाही. मोत्याची जीभ सारा रस्ता बाहेर होती. लोणार गाव संपता संपता जमीन किंचित वर चढते, आणि मग एकाएकी पायांखाली संपते. समोर सुमारे अठराशे मीटर रुंदीची, जवळजवळ वाटोळी दरी. तळाशी झाडीचे कडे, आणि त्याच्या आत हिरवट खाऱ्या पाण्याचे सरोवर. काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड वाहते आणि खाली पाणी असे, की त्यात मिठापेक्षाही सोड्याचा अंश ठळक जाणवावा.

एवढी विलक्षण जागा पाहून 'हे कशाने झाले?' हा प्रश्न प्रत्येक पिढीस पडला असलाच पाहिजे. पहिले उत्तर पुराणाने दिले. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली राहत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचे झाकण उडविले व त्याचा वध केला. ते झाकण दूर ढाकेफळजवळ टेकडी होऊन पडले, आणि दैत्याच्या रक्ताचे हे खारे पाणी झाले. गावातील दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर ह्याच कथेचे स्मारक होय. ह्या कथेत आधुनिक शास्त्र शोधण्याचा मोह आम्ही आवरतो. पूर्वजांस सारे ठाऊक होते असे म्हणणे हा त्यांचा गौरव नसून आपला आळस आहे. परंतु एवढे म्हणता येईल, की ही दरी पाण्याने हळूहळू कोरलेली नसून एका क्षणाच्या प्रचंड घडामोडीने झाली, असे कथा रचणाऱ्यास वाटले, आणि हे त्याचे वाटणे चुकीचे नव्हते. अबुल फजलने ऐने अकबरीत लोणारास विष्णुगया म्हटले असून, काच व साबण करण्याचे साहित्य येथे मिळते अशी नोंद केली आहे. ह्यातील 'गया' आणि 'काच' हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

युरोपीय जिज्ञासेची पाळी १८२३ साली आली. त्या वर्षी अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणार पाहिले व त्याविषयी लिहिले. पुढे भूगर्भवेत्ते आले. त्या सर्वांच्या मनात ज्वालामुखीची कल्पना येणे स्वाभाविक होते; कारण दख्खनचे सारे पठारच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. परंतु अडचण अशी, की लाव्हाचे ते थर लोणारच्या दरीहून फार जुने, आणि ह्या दरीतून स्वतःचा नवा लाव्हा वाहिल्याची खूण कोठेच नाही. मग कोणी वाफेचा स्फोट म्हणे, कोणी जमीन खचली म्हणे. आकाशाकडे मात्र कोणी बोट दाखवीना.

ह्याचे कारण समजण्यासारखे आहे. आकाशातून दगड पडतात हेच मुळी युरोपातील विद्वानांस फार काळ मान्य नव्हते. १७९४ साली क्लाड्नीने तसे प्रतिपादन केले तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. १७९८ च्या डिसेंबरात काशीजवळ पडलेल्या दगडांचे लंडनमध्ये पृथक्करण झाले, १८०३ साली फ्रान्समध्ये लेग्ल गावी सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला, तेव्हा कोठे शंका फिटली. तथापि दगड पडणे निराळे आणि त्याने सरोवराएवढा खड्डा पाडणे निराळे!

हा पुढचा वाद अमेरिकेच्या अॅरिझोना प्रांतातील वाळवंटात झाला. तेथे लोणारसारखाच, परंतु काहीसा लहान खड्डा असून त्याच्या आसपास लोखंडी उल्काखंड विखुरलेले होते. नामांकित भूगर्भवेत्ता गिल्बर्ट ह्याने त्याची कसून परीक्षा केली. उल्का गाडली गेली असेल तर चुंबकसूची विचलित झाली पाहिजे, आणि काठावरील माती खड्ड्याच्या मापापेक्षा अधिक भरली पाहिजे, असा त्याचा तर्क होता. दोन्ही गोष्टी आढळल्या नाहीत. तेव्हा हा वाफेच्या स्फोटाचा खड्डा होय, असा निर्णय त्याने दिला. १८९६ साली छापलेल्या त्या निबंधात त्याने लोणारचाही दाखला दिला आहे. बॅरिंजर नावाच्या गृहस्थाने उलट पक्ष घेऊन १९०३ पासून ती उल्का शोधण्यासाठी भोके पाडण्यात पैसा व आयुष्य वेचले. १९२९ साली तो वारला, पण उल्का मिळाली नाही. गंमत अशी, की मूळ निष्कर्षात बॅरिंजर बरोबर आणि गिल्बर्ट चूक. परंतु दोघांचीही एक समजूत समान चुकली. उल्का खाली कोठेतरी शाबूत पडलेली असेल, असे दोघेही धरून चालले होते. सेकंदास दहा-वीस किलोमीटर वेगाने येणारी ती वस्तू धडकताच बहुतांशी वितळून व वाफ होऊन जाते. पाहुणा येतो, घर मोडतो, आणि स्वतः नाहीसा होतो. मागे राहते ती केवळ धक्क्याची खूण.

ती खूण अॅरिझोनात १९६० साली सापडली. गारेच्या दगडावर प्रचंड दाब पडला म्हणजे त्याचे जे रूपांतर होते, ते कोएसाइट शूमेकर व त्याच्या सहकाऱ्यांस तेथे मिळाले. परंतु लोणारास ही कसोटी लागू पडेना. कारण आपल्या काळ्या फत्तरात गार जवळजवळ नाहीच. येथे निराळी साक्ष हवी होती. १९६४ साली लॅफाँड व डीट्झ ह्यांनी लोणार उल्काजन्य असावे काय, असा प्रश्न उघडपणे मांडला. १९७२ साली नायक ह्यांनी येथील काचमय खड्यांकडे लक्ष वेधले. आणि भारतीय भूगर्भ खाते व अमेरिकन शास्त्रज्ञ ह्यांनी मिळून सरोवराच्या तळाशी भोके पाडली, तेव्हा आतल्या फत्तरात मास्केलिनाइट हाती आले. हा निकाल १९७३ साली प्रसिद्ध झाला. मास्केलिनाइट म्हणजे न वितळता केवळ धक्क्याने काच झालेला फेल्डस्पार. कोणताही ज्वालामुखी इतका दाब देऊ शकत नाही.

आता ते दोन शब्द आठवावेत. हा पदार्थ प्रथम १८७२ साली ओळखला गेला, तो बिहारात गयेजवळ शेरघाटी येथे १८६५ साली पडलेल्या उल्केत. म्हणजे एका गयेच्या दगडातील काचेने दुसऱ्या गयेचे कोडे उलगडले! त्याहून नवल असे, की शेरघाटीचा तो दगड मंगळावरून आलेला आहे. त्याच्या जातीच्या एका उल्केत कोंडलेली हवा, आणि व्हायकिंग यानांनी १९७६ साली मंगळावर तपासलेली हवा, ह्यांचे प्रमाण जुळते. मंगळावरचेच आणखी काही दगड १९११ साली मिसर देशात नाखला येथे पडले. त्यांपैकी एकाने एका कुत्र्याचा बळी घेतला असे एका शेतकऱ्याने सांगितले, परंतु त्यास पुरावा मिळाला नाही. ही हकीकत सांगताच नातवाने मोत्यास जवळ ओढले, व वर आकाशाकडे संशयाने पाहिले.

अरण्यखात्याच्या राखीव हद्दीत कुत्रे नेणे बरे नव्हे म्हणून मोत्या व मी काठावरच थांबलो. नातू आपल्या वडिलांबरोबर खाली कमळजा देवीच्या देवळापर्यंत जाऊन आला. वर बसल्या बसल्या मनात आले, की लोणारचा निकाल लागला म्हणून प्रश्न संपलेले नाहीत. ह्या आघातास सुमारे बावन्न हजार वर्षे झाली असे एका रीतीचे मोजमाप सांगते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेले दुसरे पावणेसहा लक्षांच्या आसपास नेते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हाही नाना तर्क उठले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून ती खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची करणी असल्याचे दाखविले. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे गेले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. लोकांनी तबकडी म्हटले. जाणकारांनी थोड्याच दिवसांत ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत असे सांगितले. लोणारास दीडशे वर्षे लागली, येथे आठवडाही लागला नाही. फरक बुद्धीचा नव्हे; साठविलेल्या नोंदींचा आणि तपासलेल्या चुकांचा आहे.

परंतु ज्या सरोवराने ही साक्ष जपून ठेवली, त्याचे काय? त्यास पाणी बाहेर जाण्याची वाट नाही. जे आत जाते ते आतच राहते. गावचे सांडपाणी असो की निर्माल्य असो, त्याचा हिशेब तेथेच जमा होतो. २०२० साली रामसर यादीत नाव गेले ही आनंदाची गोष्ट. पण यादी पाणी राखीत नाही, माणसे राखतात. आकाशातून अद्भुत उतरावे म्हणून डोळे लावून बसणाऱ्या आपण लोकांनी, उतरलेले अद्भुत नासू द्यावे, ह्याहून मोठा करंटेपणा कोणता?

परतीस विश्रांतवाडीत शिरता शिरता रात्र झाली. धानोरीच्या बाजूस एक तारा स्थिर उभा होता. मोत्या भुंकू लागला. "आजोबा, तबकडी!" असे नातू म्हणाला नाही. तो म्हणाला, "थांबा, थोडा वेळ पाहू या." मला प्रवासाचे सार्थक झाल्यासारखे वाटले.